दुधावर लागलेली टॉरंटची पाटी

संपादकांचा फोन आला, "काका, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमतीजमती आहेत, एखादी सांगतोही. पण यंदा मला गंमत सुचत नाही. मी चिडलेलो आहे, गेलं वर्षभर चिडलेलाच आहे. घरात म्हणतात, वय झालं की माणूस चिडका होतो. वयाचा काही संबंध नाही. चिडायला कारण आहे. ते कळायला आधी माझा धंदा कळायला हवा, म्हणून थोडी मास्तरकी करतो. सहन करा.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो आणि नगरला सावेडीत एक गाळा घेतला. बाहेर पाटी लावली, 'नेटवर्क तपासणी व दुरुस्ती'. लोक वायफायवाले काका म्हणतात. म्हणू देत. पण वायफायचं खोकं भिंतीला ठोकणं हे माझं काम नव्हे. नेटवर्कमध्ये नेमकं काय चाललंय हे आत डोकावून सांगणं, हे माझं काम.

संगणक एकमेकांशी बोलतात ते तुकड्यातुकड्यांनी. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. मालकाची लेखी परवानगी घ्यायची, लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर चालू करायचं आणि जाणारी-येणारी पॅकेटं पकडायची. पडद्यावर एकेका पॅकेटाची एकेक ओळ उमटते. कुठून निघालं, कुठं चाललं, किती वाजता. आणि एक रकाना असतो, प्रोटोकॉलचा. म्हणजे ही दोन यंत्रं कुठल्या रीतीनं बोलताहेत. वेबसाईटची बोलण्याची रीत वेगळी, ईमेलची वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी. रकान्यात नाव येतं, ओळीला रंग येतो. दिसायला फार देखणं दिसतं. माझा सगळा राग या एका रकान्यावर आहे. खरं म्हणजे रकान्यावर नाही, तो वाचून उठणाऱ्या माणसांवर आहे.

सॉफ्टवेअरला ते नाव कसं कळतं? काही वेळा ते पॅकेटाच्या आतलं बोलणं तपासतं. पण पुष्कळदा फक्त पोर्ट नंबर बघतं. पोर्ट नंबर म्हणजे खोली नंबर समजा. तहसील कचेरीत सात नंबरच्या दारावर 'रेशनकार्ड' अशी पाटी असते. आत जाऊन बघावं तर तिथला माणूस मतदार याद्या करत बसलेला असतो, रेशनकार्डवाला केव्हाच वरच्या मजल्यावर गेलेला असतो. कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. सॉफ्टवेअर बिचारं दारावरची पाटी वाचतं आणि सांगतं, 'रेशनकार्ड'. त्याचा तो अंदाज असतो. दार ढकलून आत बघणं हे माणसाचं काम, आणि त्याच कामाचा मी मोबदला घेतो.

आता ती गंमत. शेवगावच्या बाजारपेठेतले एक कापडवाले शेठ माझ्याकडं आले. त्यांचं इंटरनेट सदा रडायचं. "सर, कोन तरी माझं नेट चोरतंय. शेजारच्या हाटेलवाल्यावर माझा डाऊट हाय. चार म्हैने झालं, त्याच्याकडचा चहा बंद केलाय मी." मी दुकानात जाऊन पॅकेटं पकडली. चोर लगेच सापडला. शेठनी चोरावर नजर ठेवायला आठ कॅमेरे बसवले होते, ते आठही कॅमेरे दिवसभर चित्रं परदेशातल्या सर्व्हरला पाठवत होते. शेठ पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. हाटेलवाल्यासाठी पासवर्ड मात्र बदला." चहा त्यांनी चालू केला की नाही, मला माहीत नाही.

तेव्हा मी हसलो होतो. संशय चहावरच निभावला म्हणून हसू आलं.

गेल्या वर्षी भाद्रपदात एक बाई गाळ्यावर आल्या. वय पस्तिशीचं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स कागद. शेवगावच्या पूर्वेकडच्या एका गावातून एसटीनं आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. कागदावर एका ओळीखाली पेनानं रेघ मारलेली, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये तुमीच का?"

ओळ अशी होती : 'याबाबत नगर येथील ज्येष्ठ नेटवर्क तज्ज्ञांशी चर्चा करून खात्री करण्यात आली आहे.' पुढं माझं नाव.

"मीच. पण हे काय आहे?"

"मला कामावरनं काढलंय. टॉरंट केलं म्हनून." त्यांनी तो शब्द एकेक अक्षर सुटं करून उच्चारला. "सर, टॉरंट म्हंजी काय असतं तेवढं सांगा. ज्याच्यापायी मला काढलं, ते मला ठावं तरी पायजे."

बाईंचं नाव मंदा. गावच्या दूध संकलन केंद्रावर त्या ऑपरेटर होत्या. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घेऊन येतात. दुधाचा नमुना यंत्राला लावायचा, यंत्र फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातली स्निग्धता आणि बाकीचा घनांश, काढतं, आकडे संगणकावर येतात आणि तिथून तालुक्याच्या दूध संस्थेच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरला जातात. मंदाताईंचं सगळं घर कोयत्यावर जाणारं. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते आणि ती सगळी माणसं सहा महिने ऊसतोडीला जातात. संगणकाचा कोर्स करून ही एकटी मागं राहिली होती. ती राहिली म्हणून तिच्या दोन मुली गावात राहायच्या आणि थंडीतही शाळेत जायच्या. नोकरी गेली तर कोयता, आणि कोयता म्हणजे मुलींची शाळा गेली. दसरा एका महिन्यावर आला होता.

मी त्यांना टॉरंट म्हणजे काय ते सांगितलं. अनोळखी लोकांनी इंटरनेटवरून एकमेकांकडून फायली तुकड्यातुकड्यांनी घ्यायची एक पद्धत. बहुतेक लोक फुकटात सिनेमे उतरवायला वापरतात.

"म्हंजी पिच्चरच," त्या म्हणाल्या. "गावात त्येच बोलत्यात. आधी म्हनले, हापिसात बसून पिच्चर बघती. मग म्हनाय लागले, तसले पिच्चर बघती. सासू बोलंना झाली. आमच्या मालकांनी एकदाच इचारलं, खरं सांग म्हनून. एकदाच. पन इचारलं."

बाई रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण माझ्या डोक्यात तोवर दुसरंच काही चालू झालं होतं. मला तो फोन आठवला होता.

केतन नावाचा एक जण. पुण्यातल्या एका खाजगी कंपनीत तपासनीस. मंदाताईंच्या संस्थेच्या नेटवर्कची तपासणी याच कंपनीनं केलेली. कधी काळी माझ्या दोन दिवसांच्या शिबिराला येऊन गेलेला. ज्येष्ठात त्याचा फोन आला तेव्हा मी एका लग्नात पंगतीला बसलो होतो. जिलबी वाढत होते. केतन म्हणाला, "सर, एक झटपट विचारायचं होतं. पोर्ट सहा-आठ-आठ-सहा म्हणजे टॉरंटच ना? सॉफ्टवेअर तसंच दाखवतंय." मी म्हणालो, "हो, त्याच पट्ट्यातला." फोन ठेवला आणि जिलबी खाल्ली.

उचलली जीभ लावली टाळ्याला. आत काय दिसतंय, पॅकेटं कुणाकडं जाताहेत, कुठल्या वेळेला जाताहेत, यातलं काही मी विचारलं नाही. नुसत्या पाटीवर जाऊ नका असं शिबिरात बोंबलून सांगणारा मीच. आणि माझ्या त्या एका 'हो'चं अहवालात 'खात्री' झालं होतं.

मंदाताईंना मी हे लगेच सांगितलं. लपवायची हिंमत झाली नाही म्हणून सांगितलं, सज्जनपणाचा आव आणत नाही. त्या ऐकून घेत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "मंग आता बगा."

केतननं पकडलेल्या पॅकेटांची फाईल मी त्याच्याकडून मागवली. त्यानं पाठवली. पोरगा लबाड नाही, आळशी आहे. तपासणीच्या धंद्यात आळशी माणूस लबाडापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण लबाडाला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं.

फाईल उघडली. लालभडक ओळींची रांग, प्रत्येकीच्या रकान्यात टॉरंट. आता वाचकहो, तुम्हीच तपासनीस व्हा. टॉरंटची दोन यंत्रं भेटली की आधी रामराम करतात, त्या पहिल्या पॅकेटात टॉरंटचं नाव सरळ अक्षरांत लिहिलेलं असतं. इथं कुठंही रामराम नाही. प्रत्येक ओळीत सॉफ्टवेअरनं लिहिलेलं, 'मागील डेटा पुढे चालू'. अरे, सुरूच झालं नाही ते पुढं कसं चालू? सॉफ्टवेअर बिचारं स्वतःच सांगत होतं, की मला हे नीट कळत नाहीये. टॉरंटमध्ये एक संगणक कितीतरी अनोळखी पत्त्यांशी देवघेव करतो. इथं पत्ता एकच, आणि तो संस्थेच्याच मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरचा! म्हणजे मंदाताई संस्थेच्या कार्यालयातून सिनेमे उतरवत होत्या असं म्हणायचं का? वेळा बघा. सकाळी दूध यायच्या वेळेला आणि संध्याकाळी दूध यायच्या वेळेला. दुपारभर एक पॅकेट नाही. सिनेमा बघणारा माणूस रांगेत कॅन घेऊन लोक उभे असताना बघतो काय?

आणि सगळ्यात शेवटचं, जे करायला एक क्लिक लागते. ओळीवर टिचकी मारली की खालच्या चौकटीत पॅकेटाच्या आतला मजकूर दिसतो. मी मारली. साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत लिहिलेलं होतं : सभासद क्रमांक, म्हैस, फॅट, एसएनएफ, लिटर.

ते दूध होतं. बाकी काही नव्हतं.

मी एकटाच गाळ्यात मोठ्यानं एक शिवी दिली. ती इथं छापता येणार नाही. अहवाल लिहिणाऱ्या माणसानं ही चौकट एकदाही उघडली नव्हती. उघडली असती तर एक खरा दोष त्याला सापडला असता : सभासदांचा सगळा मजकूर उघडा चालला होता, कुणीही मधेच वाचावा असा. त्याबद्दल अहवालात अवाक्षर नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता प्रश्न उरला, दुधाच्या यंत्राला सहा-आठ-आठ-सहा हाच नंबर का? यंत्रं ज्यानं बसवली त्या रावसाहेबांना फोन लावला. रावसाहेब हे नाव. माणूस साधा, मेहनती, पाच तालुके पालथे घालतो.

"ते व्हय," रावसाहेब म्हणाले, "ते माझ्या पिकअपचा नंबर हाय. लकी हाय, सर. सॉफ्टवेअरनं इचारलं पोर्ट कंचा, म्या त्योच टाकला. ध्यानात ऱ्हातो. तालुक्यात जितं जितं मशिन बसवलं तितं तोच हाय."

आपल्याकडं हे चालतंच. वायफायचा पासवर्ड गाडीचा नंबर, एटीएमचा पिन गाडीचा नंबर, कुलपाचा आकडा गाडीचा नंबर. रावसाहेबांवर मला रागावता आलं नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की त्या आकड्यांच्या पट्ट्यावर आधीच कुणी तरी टॉरंटची पाटी लावून ठेवलीय. तालुक्यातली सगळी केंद्रं सॉफ्टवेअरच्या लेखी टॉरंट करत होती. तपासणीला निवडलं होतं फक्त मंदाताईंचं.

पितृपक्षात मुख्य कार्यालयात चौकशी समिती बसली. चेअरमन, व्यवस्थापक आणि एक जुने संचालक, धोतर नेसणारे, त्यांना सगळे आबा म्हणत. केतन पुण्याहून आला होता. मंदाताई दाराजवळच्या खुर्चीवर. मी लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि एकेक गोष्ट दाखवली. शेवटी खालची चौकट उघडली.

चेअरमन पुढं वाकले. "सभासद एकशे चौदा? अरे, हे तर आमचे बंधू!"

आबा म्हणाले, "म्हंजी चेअरमनसायबांच्या भावाची म्हस टॉरंट देती काय?"

सगळे हसले. केतनही हसला, मग त्याचा चेहरा उतरला. उठून म्हणाला, "सर, माझी चूक झाली." त्याबद्दल त्याला एक गुण देतो. मीही सांगितलं, की अहवालात माझ्या नावानं लिहिलेली खात्री मी न बघता दिलेली होती, ती मी मागं घेतो. मला वाटलं, झालं काम.

मी टेलिफोन खात्यात एवढी वर्षं काढून असा बावळट कसा राहिलो, कोण जाणे.

व्यवस्थापकांनी घसा साफ केला. अहवाल वर जिल्ह्याला गेला आहे, म्हणाले. आता तो चुकीचा होता असं लिहिलं तर संस्थेची शोभा होईल, दहा प्रश्न निघतील. त्यापेक्षा बाईंना सहानुभूतीनं परत घेऊ. त्यांनी पत्र आधीच टाइप करून ठेवलं होतं. आम्ही बोलायच्या आधीच! 'प्रथम चूक असल्याने माफ करण्यात येत आहे. यापुढे असे गैरवर्तन करणार नाही, अशी मी हमी देते.' खाली सहीची जागा.

मंदाताईंनी पत्र वाचलं. सावकाश, दोनदा वाचलं.

"यापुढं म्हंजी?" त्या म्हणाल्या. "आदी कवा केलं?"

"अहो, ती लिहायची पद्धत असते," व्यवस्थापक म्हणाले.

"मंग त्या पद्धतीनं असं लिवा, की टॉरंट न्हवतं, दूध हुतं."

"ते लिहिता येणार नाही."

आबा खिडकीबाहेर बघायला लागले. चेअरमन मोबाईल बघायला लागले. केतन खाली बघत होता. खोलीतल्या प्रत्येकाला सत्य माहीत होतं, पडद्यावर ते हातभर मोठ्या अक्षरांत दिसत होतं, आणि ते चार शब्द लिहायला एकही पेन निघत नव्हतं. संताप संताप झाला माझा. मी व्यवस्थापकांना काय काय बोललो ते त्यांना आठवत असेल. पण बोलून कागद बदलला नाही.

आणि मग मी काय केलं ते लिहितो. तेच लिहायला हा लेख घेतला आहे. मी मंदाताईंना बाजूला घेऊन म्हणालो, "ताई, सही करून टाका. दसरा पंधरा दिवसांवर आलाय. पोरींची शाळा बघा. कागदात काय आहे, कोण वाचतंय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही.

"सर, मशिननं मला नाव ठिवलं, त्ये खोटं हाय म्हनून तुमीच दावलं. आता त्येच नाव म्या माज्या हातानं लिवू व्हय?"

त्यांनी पत्राची नीट घडी केली, व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि एसटी स्टँडकडं चालू लागल्या.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गाडी आली. मोठीला आत्याकडं ठेवलं, नववीत होती. धाकटीला बरोबर नेलं. हे मला रावसाहेबांकडून कळलं. रावसाहेबांनी त्या आठवड्यात सगळ्या केंद्रांवरचा नंबर बदलून द्यायची तयारी दाखवली, स्वतःहून, फुकट. व्यवस्थापक म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला हात लावता?" मंदाताईंच्या खुर्चीवर व्यवस्थापकांचा भाचा बसला.

मी जिल्ह्याला पत्र लिहिलं, पुराव्यासकट. ते 'माहितीस्तव दाखल' झालं. केतनच्या कंपनीला लिहिलं. त्यांनी कळवलं, की अहवालातील निष्कर्ष सॉफ्टवेअरच्या आधारे काढलेले असतात. म्हणजे पाटी रंगवणारा जबाबदार नाही, वाचणारा जबाबदार नाही, अहवालावर सही करणारा जबाबदार नाही. जबाबदार कोण, तर दुधाची धार मोजणारी बाई. लोक मला म्हणतात, काका, जाऊ द्या. का म्हणून जाऊ द्यायचं? जिचं गेलं ती गेलीच, निदान माझा राग तरी जागेवर राहू दे.

जे चार शब्द कुणी लिहिले नाहीत ते मी इथं लिहितो, छापील आणि माझ्या नावासह : टॉरंट नव्हतं, दूध होतं. मंदाताईंनी काहीही केलेलं नाही. हा अंक उसाच्या फडात पोचणार नाही, हे मला माहीत आहे.

यंदा श्रावणात त्याच संस्थेची नवी तपासणी झाली. व्यवस्थापकांनी अहवालाची प्रत माझ्याकडं अभिप्रायासाठी पाठवली. माझं तोंड बंद करायची ही त्यांची रीत असावी. केंद्र तेच, नंबर तोच, लाल ओळी त्याच, रकान्यात टॉरंट. खुर्चीवर भाचा. त्यापुढं शेरा होता : 'सदर बाब ज्ञात आहे. कारवाईची आवश्यकता नाही.'

मी त्या शेऱ्याखाली पेनानं लिहिलं, 'मग मंदाताईंना का काढलं?' खाली सही केली, तारीख टाकली आणि रजिस्टर पोस्टानं परत पाठवलं.

पोच आली. उत्तर आलेलं नाही.